बाळंतपणाची पिशवी

धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा आईनं ट्रंकेतली जुनी सुती पातळं काढली. गरम पाण्यातून काढली, दोन दिवस कडक उन्हात वाळवली आणि फाडून दुपटी, लंगोट केले. झबली-टोपडी शेजारच्या वहिनींच्या पोराची. नवीन काही आणायचं नाही. बाळाला आधी जुनं घालायचं, हा आमच्याकडचा नेम. खरं सांगायचं तर त्यात शहाणपण आहे. दहा वेळा धुतलेल्या कापडाइतकं मऊ काही नसतं.

बारामतीला एमआयडीसीत नोकरीला आलेल्या एका तमिळ कुटुंबाशी आमचा घरोबा आहे. त्यांच्याकडे बाळंतपण झालं तेव्हा आजी गावाहून आली होती. तिनं काय आणलं असेल? नवऱ्याची जुनी वेष्टी फाडून केलेली फडकी आणि सुंठीचं लेह्य. आमच्याकडे डिंकाचे लाडू नि अळीव, त्यांच्याकडे सुंठ. बाकी पिशवी तीच!

त्याच घरात कळलं की तमिळनाडूत 2015 पासून सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या बाईला सरकारच पिशवी देतं. टॉवेल, कपडे, मच्छरदाणी, साबण, तेल, खुळखुळा आणि आईसाठी तेच सुंठीचं लेह्य, अशा 16 वस्तू. आपल्याकडेही 2019 पासून बेबी केअर किट आहे, पण ते पहिल्या बाळंतपणाला आणि ज्या बाईची नोंदणी झालेली आहे तिलाच. ही अट ध्यानात ठेवा, पुढं तिच्याशी गाठ पडणार आहे.

जानेवारीत रात्री अकराला कळा सुरू झाल्या. निमगाव केतकीकडून बारामतीला निघालो. इंदापूर-बारामती रस्ता हंगामात कसा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. अंथुर्णे, लासुर्णे, भवानीनगर, सगळीकडे उसाच्या ट्रॉल्या. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. बहीण कण्हत होती नि मी पुढच्या प्रत्येक ट्रॉलीला मनातल्या मनात शिव्या देत होते.

दवाखान्यात पोचलो. आमची पिशवी तयार, वर प्लॅस्टिकच्या पाकिटात फाइल. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगट, हिमोग्लोबिनचा रिपोर्ट, सोनोग्राफी, आधार, बँकेचं पासबुक. पाच मिनिटांत बहीण आत.

आमच्या मागोमाग एका पिकअपमधून एक बाई उतरली. ऊसतोडीची. फडातून कोपीवर आली आणि कोपीवरून थेट इथं. संध्याकाळपर्यंत मोळ्या वाहत होती म्हणे. सोबत नवरा, एक पाच-सहा वर्षांची पोर आणि हातात एक गाठोडं.

"कार्ड कुठाय?" सिस्टरनं विचारलं.

"गावाकडं राहिलं ओ ताई. म्हटलं पट्टा पडल्यावर गावाकडंच व्हईल."

"मग रक्तगट? हिमोग्लोबिन?"

नवरा गप्प. सिस्टर चिडली, बोलली. मला राग आला तिचा, पण अख्ख्या वॉर्डात ती एकटीच होती हेही दिसत होतं. कार्ड नसलं की सगळ्या तपासण्या पहिल्यापासून, तेही ऐन कळांमध्ये. रक्तस्राव झाला तर कुठल्या गटाचं रक्त मागवायचं, इथून सुरुवात.

पहाटे दोघी सुटल्या. आम्हाला मुलगी, त्यांना मुलगा. सगळे सुखरूप. त्यांच्या गाठोड्यात एक चादर, भाकरी आणि पोरीचं स्वेटर. बाळाला गुंडाळायला धड फडकं नाही. आईनं आमची पिशवी उघडली, दोन दुपटी नि एक टोपडं काढलं. नवरा नको नको म्हणायला लागला. आई म्हणाली, "घे रे बाबा. बाळाला दुसऱ्याचं जुनंच घालायचं असतंय."

त्यांचं हे तिसरं बाळ. म्हणजे किटही नाही.

मंडळी, माझा मुद्दा किटचा नाही, कार्डाचा आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम 2011 सालापासून आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझेरियन फुकट, औषधं, तपासण्या, रक्त फुकट. साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस जेवण. न्यायला नि घरी सोडायला गाडी. त्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं. पिकअपवाल्याला त्यानं मुकादमाकडून उसने पैसे घेऊन दिले होते. म्हणजे डोक्यावरची उचल आणखी वाढली.

आपल्या दोन्ही तालुक्यांतले कारखाने ज्यांच्या कोयत्यावर चालतात, त्या बायका दिवस भरत आले तरी फडात असतात. आपण आपल्या लेकीबाळींना नववा लागला की बादली उचलू देत नाही.

म्हणून एवढंच करा. तुमच्या शेतात टोळी उतरली की विचारा, कुणी गरोदर आहे का? असेल तर गावच्या आशाताईंना कळवा. गावाकडून येतानाच कार्ड सोबत आणा, हे मुकादमाला हंगामाआधी फोनवर सांगा. राहिलंच असेल तर घरच्यांकडून त्याचा फोटो मोबाईलवर मागवता येतो. 102 आणि 108 हे नंबर कोपीतल्या प्रत्येक फोनमध्ये टाकून द्या. कारखान्याच्या संचालकांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनाही सांगणं आहे: गाळपाचा शुभारंभ करता, त्याच आठवड्यात तळावर नर्सबाई पाठवून गरोदर बायकांची यादी करा. आणि ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावा.

आईनं आता एक जादाची पिशवी बांधून ठेवलीय. दोन दुपटी, चार लंगोट, टोपडं, साबण. यंदा टोळी आली की आमच्या आशाताईंकडे देणार आहे. तुमच्याही ट्रंकेत जुनी पातळं असतीलच की.