पुढची ओळ कुणी उचलायची

दुःखात गाऊ नये, असा आपल्याकडे साधारण संकेत आहे. घरात मयत झालं की टीव्हीवर चादर पडते, आणि शेजारच्या लग्नातलं वाजप कानावर आलं तर खिडकी लोटून घेतात. (वारकऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यातलं माणूस गेलं की टाळ-मृदंग थेट स्मशानापर्यंत सोबत जातात.) नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती आळीत मात्र कुणी गेल्याचा निरोप पसरला की तासाभरात दोन वस्तू त्या घरी पोचतात: चर्चमधल्या सतरंज्या आणि हार्मोनियम. चहा कुणाकडून यायचा, पाळकसाहेबांना फोन कुणी करायचा, हे कुणाला सांगावं लागत नाही. आत बायका रडत असतात आणि ओसरीवर कुणीतरी भाता उघडून सूर धरतो. आमच्या शेजारी नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी एकदा आईला सरळच विचारलं होतं, "तुमच्यात माणूस गेल्याचं वाईट वाटत नाही का हो?"

वाटतं. चांगलंच वाटतं.

आळीतले एक मास्तर झोपेतच गेले. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. भिंतीला टेकून बसलेल्या मावशी ना रडत होत्या, ना पाणी घेत होत्या. रडत नाहीत म्हणून बाकीच्या बायकांच्या जिवाला घोर. अशात पेटीवर बसलेल्या पोरानं ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एक गीत सुरू केलं आणि तरण्या हातांच्या सवयीनं लय जरा उडतीच धरली. एक कडवं झालं. दुसरं सुरू होणार तोच मावशी म्हणाल्या, "ही चाल नव्हे रे. संथ म्हणा. ह्यांना संथ आवडायची." आणि त्यांनी स्वतःच ओळ सुरू केली. आवाज घोगरा, सूर बराच खालचा. पोरगा पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांवर तो सूर शोधत राहिला. अर्ध्या ओळीवर मावशींचा गळा दाटला. तिथून पुढे बायकांनी ती उचलली. पालखीचा खांदा बदलावा तशी ओळ इकडून तिकडे गेली, खाली टेकली नाही. मग मावशी रडल्या. रडून झाल्यावर पुढच्या कडव्याला परत सामील झाल्या.

संकटात स्तुती करावी असं आमच्या धर्मात इतक्यांदा सांगितलं जातं की ऐकणाऱ्याचं लक्षच जात नाही. माझ्या मते त्यातली खरी गोम त्या दाटलेल्या गळ्यात आहे. एकट्यानं स्तुती करत दुःख पेलणारा संत कुठे असेल तर असो. आमच्यासारख्यांना अर्ध्या ओळीवर थांबावं लागतं, आणि तेव्हा पुढची अर्धी ओळ पाठ असलेलं दुसरं माणूस शेजारी बसलेलं लागतं. चर्चमधल्या माणसांना मंडळी म्हणतात ते यासाठीच. एरवी मंडळीत भांडणं, निवडणुका, चर्चच्या जमिनीचे वाद, सगळं असतं. त्याबद्दल बोलायला बसलो तर हा लेख संपायचा नाही.

बायबलमधली फिलिप्पैच्या तुरुंगातली गोष्ट रविवारच्या शाळेत प्रत्येक पोराला शिकवतात. पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकलेलं, पाय खोड्यात अडकवलेले. मध्यरात्री ते प्रार्थना करतात, गाणी गातात. मग भूकंप होतो आणि दारं उघडतात. लहानपणी आम्हाला अर्थातच भूकंपात रस. पण ही गोष्ट लिहिणाऱ्या लूकनं भूकंपाच्या आधी एक छोटा तपशील टिपून ठेवला आहे, तो मोठेपणी जास्त आवडू लागला: बाकीचे कैदी कान देऊन होते. त्यांना ना पौल माहीत, ना त्याचा देव. पाठ सोललेली दोन माणसं अंधारात गात आहेत, एवढंच त्यांना कळत असणार. आणि गाताना त्या दोघांना तरी भूकंपाची कुठे कल्पना होती? दारं उघडल्यावरही ते पळाले नाहीत. कैदी निसटले असं समजून तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं स्वतःवर तलवार उपसली, तर पौलानं ओरडून त्याला थांबवलं. सुटका हाच गाण्याचा हेतू असता तर गोष्ट तिथे वेगळ्या वळणावर गेली असती.

हे आठवायचं कारण, अलीकडे स्तुतीचा एक निराळाच बाजार भरू लागला आहे. मोठा मांडव, कर्कश स्पीकर, कीबोर्ड. टाळ्या वाजवा, जोरात म्हणा, आजार पळेल, कर्ज फिटेल. फिटलं नाही तर विश्वास कमी पडला. मूल गमावलेल्या एका आईला असं तोंडावर सांगणारा उपदेशक मी पाहिला आहे. त्यानं स्तोत्रसंहिता उघडून वाचली असती तर बरं झालं असतं. दीडशे स्तोत्रांतली निदान एकतृतीयांश तरी रडगाणी आहेत, आणि तीसुद्धा मर्यादा सोडून रडणारी. देवा, तू झोपलास का, विसरलास का, किती दिवस चालवणार आहेस हे, अशी थेट झाडाझडती. तेराव्या स्तोत्रात तक्रारीनं सुरुवात होऊन सहा वचनांत गाण्यापर्यंत मजल जाते. अठ्ठ्याऐंशीव्याची तेवढीही जात नाही. ते अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं. तरीही ज्यांनी संग्रह केला त्यांनी ते वगळलं नाही. उपासनेच्या पुस्तकात त्याला जागा दिली, म्हणजे देवासमोर असंही बोलता येतं, हे त्यांना मान्य होतं. वधस्तंभावर येशूच्या तोंडी आलं तेही एका स्तोत्राचं सुरुवातीचं गाऱ्हाणंच.

मराठीत हे गाऱ्हाणं नीट उतरलं ते टिळकांमुळे. एकोणिसाव्या शतकात इथल्या मंडळ्यांनी मिशनऱ्यांच्या चालीवर बेतलेली बरीच गीतं गायली, आजही गातात. त्यातली काही सुंदर आहेत, काहींत मात्र मराठी शब्द परक्या सुरांत अवघडून बसलेले असतात. टिळकांनी अभंग आणला, ओवी आणली, कीर्तनाचा ढंग आणला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. विठ्ठलाशी भांडणाऱ्या, रुसणाऱ्या, त्याला उणं-दुणं बोलणाऱ्या तुकारामांची भाषा हाताशी असल्यावर ख्रिस्ताशीही त्याच सलगीनं बोलता आलं. आमच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात टिळकांची गीतं इतकी आहेत की ती काढून घेतली तर मराठी मंडळीला धड रडताही येणार नाही.

आणि लक्ष्मीबाई, टिळकांच्या पत्नी. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा संसार दुभंगला. काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, सोवळंओवळं आणि माया यांच्या कात्रीत सापडल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तोवर बरंच सोसून झालं होतं. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी नवल वाटतं ते त्यांच्या हसण्याचं. भक्तीचा आव नाही, कुठे डोळे मिटून बोलल्यासारखं नाही. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांच्या 'ख्रिस्तायन' महाकाव्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. नवऱ्याच्या अर्धवट ओळीवरून पुढे जाणं म्हणतात ते याला.

याच ओळीतल्या पंडिता रमाबाईंकडे वळलं की लिहिणाऱ्याची जरा पंचाईत होते: त्यांची दुःखं मोजायची कुठून? चोविशी गाठायच्या आत त्यांनी आईवडील, बहीण, भाऊ आणि नवरा गमावले होते. गावोगाव पुराणं सांगून पोट भरणाऱ्या या कुटुंबातले आईवडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात अक्षरशः उपासमारीनं गेले. म्हणून असेल, १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाईंना पुण्यात बसवेना. त्या स्वतः गेल्या आणि शेकडो मुली घेऊन परतल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग. मुलींना ठेवायचं कुठे? केडगावला घेतलेल्या माळरानावर तंबू ठोकले, झोपड्या उभारल्या. त्यातून 'मुक्ती' ही संस्था उभी राहिली. पुढे गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. रोज दोन हजार तोंडांचं धान्य, कपडे, औषध. पुढच्या महिन्याची खात्री नाही. रमाबाई प्रार्थना करत, हे सगळे चरित्रकार आदरानं लिहितात. मला जास्त भावतं ते त्याच काळातलं दुसरं काम: १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या बायकांच्या हालांबद्दल त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि खुद्द गव्हर्नरांना त्याचा खुलासा करावा लागला. गुडघे टेकणारी बाई सरकारपुढे मान तुकवेलच असं नाही.

१९०५ मध्ये मुक्तीत आध्यात्मिक जागृती झाली. वेल्समधल्या आणि खासी टेकड्यांतल्या जागृतीच्या बातम्या आधीच येऊन पोचल्या होत्या. मुली रोज प्रार्थनेला जमू लागल्या, आणि मग एकाच वेळी शेकडो मुली मोठ्यानं प्रार्थना करत, रडत, गात. काही मिशनऱ्यांनाही हा गोंगाट पटला नाही. पण त्या मुली कोण होत्या ते पाहावं. दुष्काळात डोळ्यांदेखत घर संपलेल्या, रस्त्यावर विकल्या गेलेल्या, कोवळ्या वयात विधवा झालेल्या. इतकी वर्षं ज्यांना कुणी बोल म्हटलं नव्हतं, त्यांनी देवाशी बोलताना आवाज चढवला तर कुणाला टोचावं कशाला? रमाबाईंना स्वतःला ऐकू फार कमी येई. दोन हजार मुलींच्या गाण्यातलं त्यांच्यापर्यंत काय पोचत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

शेवटचा घाव पोटच्या मुलीचा. मनोरमाबाई आईच्या सगळ्या कामाचा उजवा हात होत्या, पुढे सगळं त्याच सांभाळणार होत्या. १९२१च्या जुलैत त्या गेल्या. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्याच्या छपाईचे खिळे मुक्तीतल्या बायकाच जुळवत. काम थांबलं नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या, आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून पुरं झालं. म्हणजे इथेही ओळ दुसऱ्यांनीच पुरी केली.

गाण्यानं नेमकं काय होतं, हे मला आपल्यापुरतं शरीराच्या भाषेत सांगता येतं. हुंदका श्वास तोडतो. ओळ म्हणायची तर श्वास लांबवावा लागतो. दोन्ही एका वेळी जमत नाही. त्यामुळे ओळीपुरता तरी हुंदका मागे थांबतो, आणि तेवढ्यात माणूस दोन घोट पाणी पितो. मावशींनी त्या दिवशी संध्याकाळी अर्धी भाकरी खाल्ली, दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या कागदावर सही केली. माझ्या लेखी शक्ती ती हीच.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत हे एकत्र गाणंही काढून घेतलं गेलं. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाच्या एकाच तालमीतून पन्नासहून अधिक जण आजारी पडले, दोघे दगावले. गाणंच घातक ठरलं. अंत्यविधीला वीस माणसं, तीही तोंड झाकून. आमच्या मंडळीनं मोबाइलवर उपासना सुरू केली तेव्हा कळलं की तिथे एकत्र गाता येत नाही. प्रत्येकाचा आवाज अर्ध्या क्षणानं मागेपुढे पोचतो आणि नुसता कालवा होतो. शेवटी ठरलं की पेटीवाल्याचा आवाज तेवढा चालू, बाकीच्यांचे बंद. पडद्यावर चौकटीचौकटींत ओठ हलताना दिसत. कोण रडतंय ते दिसे, पण ओळ उचलून धरता येत नसे. तेव्हा आमच्या काकूंनी साखळी-प्रार्थना लावली. दिवसरात्रीचे तास वाटून दिले. ज्याचा तास त्यानं वहीतली सगळी नावं घेऊन प्रार्थना करायची आणि पुढच्याला फोन करून उठवायचं. पहाटे दोन ते तीन कुणी मागत नाही, म्हणून तो त्यांनी स्वतःकडे ठेवला.

ती वही अजून चालू आहे. काकू ती पिशवीत घालून दर गुरुवारी सरकारी दवाखान्यात जातात. आळीतल्या कुणाच्या तरी खाटेशी उभ्या राहतात, हळू आवाजात एक गीत म्हणतात, प्रार्थना करतात. मागच्या महिन्यात मी बरोबर होतो. आमचं आमेन झालं तशी शेजारच्या खाटेजवळ बसलेली बाई उठून आली. गळ्यात काळी पोत, कपाळावर मोठं कुंकू, हातात रिपोर्टांची फुगलेली फाइल. तिनं काकूंचा पदर धरला. "आमच्या ह्यांच्यासाठी पण म्हणाल का हो तेवढं? आम्ही तुमच्यातले नाही, पण मघापासून ऐकत होते."

काकूंनी चष्मा पुसला, वही उघडली, पेन्सिल काढली. नाव लिहून घेतलं, गाव लिहून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"तुम्ही आपलं बरं कर म्हणा ना देवाला."

"तसं मोघम चालत नाही बाई," काकू म्हणाल्या. "आण ती फाइल इकडे. किडनी उजवी की डावी?"