सामाईक फाइल

१२ मे, चंद्रपूर

तेंदूचा हंगाम भरात आहे. ताडोब्याच्या बफरमधली गावं असोत की एटापल्लीकडची, माणसं पहाटेच्या अंधारात पानं तोडायला जंगलात शिरतात आणि जनावरंही त्याच वेळी वाटेवर असतात. मोहर्लीजवळ सीतारामपेठला वाघाची चाहूल लागताच गावाला कळवणारे कॅमेरे बसले आहेत. आमच्या पेट्या त्याहून कितीतरी साध्या: एक छोटं बोर्ड, एक कॅमेरा, एक बॅटरी. पण फोटोवरची वेळ बरोबर हवी. जनावर रात्री अकराला गेलं की पहाटे चारला, यावरच त्या वाटेनं जायचं की नाही ते गाव ठरवतं.

आज एटापल्लीहून सहकाऱ्याचा फोन आला. "सर, नव्या पेटीच्या फोटोवर १९७० ची तारीख येऊन राहिली जी."

१४ मे, एटापल्ली

गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली करत पोचलो. आलापल्लीच्या पुढे लोहखनिजाच्या ट्रकांमागून रांगत जावं लागलं.

पेटी उघडली. घड्याळाची चिप, डीएस३२३१, शाबूत होती. सेल चांगला, वेळ बरोबर. पण बोर्ड त्या घड्याळाकडे बघतच नव्हतं. बोर्डाच्या मुख्य चिपमध्ये स्वतःचं एक घड्याळ असतं. त्याला सेल नाही, म्हणून वीज गेली की ते १ जानेवारी १९७० वर जातं. लिनक्स सुरू होताना पहिल्या क्रमांकाचं घड्याळ वाचतं, आणि इथे पहिला क्रमांक त्या बिनसेलच्या घड्याळाला मिळाला होता.

यूएसबीला काही जोडलं तर ते आपली ओळख स्वतः सांगतं. बोर्डाच्या तारांवर डकवलेली चिप मुकी असते. अमुक तारेवर, अमुक पत्त्यावर, अमुक जातीची चिप आहे, हे लिनक्सच्या कर्नलला लिहून द्यावं लागतं. ते जिथे लिहितात ती फाइल म्हणजे डिव्हाइस ट्री. जुन्या पेटीत ऑरेंज पाय पीसी हे बोर्ड आहे. त्याच्या फाइलमध्ये बाहेरच्या घड्याळाला पहिला क्रमांक देणाऱ्या दोन ओळी आहेत. नव्या पेटीत ऑरेंज पाय पीसी २ आहे. त्याची फाइल पुरवठादारानं जुन्या फाइलची नक्कल करून बनवली, ती या दोन ओळी लिहिल्या जाण्याआधीची. दुरुस्ती एका प्रतीत झाली, दुसरीत गेलीच नाही. नक्कल करून काम भागवलं की हे कधी ना कधी होतंच.

१८ मे, चंद्रपूर

ऊन इतकं की दुपारी बाहेर पडवत नाही. कर्नलच्या मूळ फाइली वाचत बसलो.

ही दोन बोर्डं सख्खी भावंडं. पीसीवर ऑलविनर एच३ चिप, ३२ बिटांची. पीसी २ वर एच५, ६४ बिटांची. गाभा वेगळा, ग्राफिक्स वेगळं. पण यूएसबी, सीरियल, घड्याळ जिथे जोडतात त्या आयटूसीच्या तारा, त्यांचे पत्ते बहुतांशी तेच. म्हणून कर्नलमध्ये एच३-एच५ अशा जोडनावाची एक सामाईक फाइल आहे. ३२ बिटांच्या फोल्डरमधली ती फाइल ६४ बिटांचं फोल्डर तिथूनच ओढून घेतं. मला हे फार आवडलं. दोन वेगळ्या घरांत राहणाऱ्यांनी एकच सातबारा वापरावा, तसं.

सामाईक फाइलमध्ये बरेचसे भाग 'बंद' म्हणून लिहिलेले असतात. आपल्या बोर्डावर ज्याची तार खरंच बाहेर आली आहे, तेवढंच बोर्डाच्या फाइलनं 'चालू' करायचं. बीगलबोन या दुसऱ्या बोर्डांचंही असंच: जुनं बोन आणि बीगलबोन ब्लॅक दोघांना मिळून एक सामाईक फाइल, वेगळं तेवढं आपापल्या पानावर.

ही शिस्त सहज आलेली नाही. २०११ साली एआरएम जातीच्या चिपांच्या, म्हणजे आमच्यासारख्याच, बोर्डांच्या वर्णनाचा कोड इतका माजला होता की लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर संताप व्यक्त केला. त्यानंतर एआरएमची बोर्डं डिव्हाइस ट्रीकडे वळली.

२३ मे, चंद्रपूर

आमच्या फाइली नव्यानं मांडल्या. बोर्डाखाली जोडायची, घड्याळाची चिप असलेली आमची पट्टी दोन्हीकडे तीच, आणि घड्याळाच्या दोन्ही तारा दोन्ही बोर्डांवर त्याच पिनांवर येतात. तेव्हा पट्टीची एक सामाईक फाइल: घड्याळ, त्याचा पत्ता, पहिला क्रमांक. दोन्ही बोर्डांच्या छोट्या फाइली तिला आत घेतात.

सहकाऱ्याला इथरनेटही सामाईकात हवं होतं. मी नाही म्हटलं. पीसीवर ते १०० मेगाबिटचं आणि चिपच्या आतलंच; पीसी २ वर गिगाबिटचं, त्यासाठी बाहेर वेगळी चिप. जे दोघांचं नाही ते सामाईकात कोंबायचं आणि मग एकेका बोर्डासाठी पुसत बसायचं, हे नकलेपेक्षाही वाईट. वाचणाऱ्याला खरं काय ते तीन फाइली चाळल्याशिवाय कळत नाही.

२९ मे, एटापल्ली

नवी फाइल चढवली. बॅटरी काढली, जेवून आलो, पुन्हा लावली. तारीख-वेळ बरोबर.

६ जून, चंद्रपूर

पावसाआधी उरलेल्या पेट्या उरकायला हव्यात. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते.

आमची सामाईक फाइल खुली करतो आहोत, जीपीएल आणि एमआयटी अशा दोन्ही परवान्यांखाली. कर्नलमधल्या अशा अनेक फाइली दुहेरी परवान्याच्याच असतात, म्हणून त्या लिनक्सबाहेरही वापरता येतात.

जिल्ह्यात अशी यंत्रं विकत घेणाऱ्या प्रत्येकाला, मग ती ग्रामसभा असो, कॉलेज असो की सरकारी कचेरी, माझं एक सांगणं आहे. पुरवठादाराकडून नुसती तयार डीटीबी, म्हणजे डिव्हाइस ट्रीची यंत्रासाठी रूपांतरित केलेली फाइल, घेऊ नका. ती उलगडता येते, पण त्यातून एकच सलग फाइल निघते. कुठला भाग सामाईक होता, कुठल्या ओळीशेजारी कोणती टीप होती, ते सगळं गेलेलं असतं. मूळ डीटीएस, म्हणजे माणसाला वाचता येणारी फाइल, आणि तिनं आत घेतलेल्या सगळ्या फाइली मागा, आणि ही अट खरेदीच्या कागदातच लिहून घ्या.