चुन्याची निवळी

रात्रीचे साडेअकरा. सांताक्रूझवरून विमान गेलं की समुद्री मत्स्यालयाच्या टाकीतलं पाणी थरथरतं, निदान मला तसं वाटतं.

चाचणीत कॅल्शियम ३६० भरलं. समुद्रात लिटरमागे ४१० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. कठीण प्रवाळ मी ठेवत नाही, वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे. पण दगडावरचं गुलाबी शेवाळही चुना खातं. परवा घाईत कॅल्शियम क्लोराइड आणि खायचा सोडा एकापाठोपाठ ओतले. टाकी दुधाळ, पंपावर पांढरी खरवड. आता उडालेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी, थेंबथेंब. तीही रात्रीच, कारण तेव्हा पाण्याचा सामू उतरतो.

आई हसली, "आजी तुला हीच पाजायची, दातांसाठी."

बरणीत निवळीवर सायीसारखा पापुद्रा धरलाय. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं काम. झाकण राहिलंच लावायचं.