जामसांवलीची खुडूक कोंबडी

अक्काचा फोन आला तेव्हा मी संकेश्वरी मिरच्यांची देठं मोडत बसले होते. "जामसांवलीच्या मारुतीला नवस बोलले होते, तो फेडायचाय. तू बरोबर यायचंस," असं तिनं हुकूम सोडल्यासारखं सांगितलं. अक्का नागपुरात राहते. गेल्या वर्षी तिचा मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला. त्याची सासुरवाडी जामसांवलीजवळच्याच एका खेड्यात. म्हणजे नवस तर फिटेलच, शिवाय विहीणबाईंचा पाहुणचारही होईल, असा तिचा बेत. मी हो म्हटलं. निपाणीहून कोल्हापूर आणि तिथून महाराष्ट्र एक्सप्रेस. एक दिवस, एक रात्र आणि वर थोडं असा तो प्रवास आहे. सोबत भडंग, दही-भात आणि कंबरदुखीचं मलम घेतलेलं बरं.

नागपूरहून सावनेरमार्गे सौंसरला जाताना महाराष्ट्र कुठे संपला ते कळत नाही. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. फेब्रुवारी असल्यामुळे मृग बहाराची फळं झाडावर होती आणि कापूस वेचून उभी राहिलेली पऱ्हाटी शेतात वाळत होती. पाट्या तेवढ्या बदलल्या. पाट्या हिंदीत आणि भांडणं मराठीत! चहाच्या टपरीवर दोन म्हातारे कसल्याशा बांधावरून तावातावानं बोलत होते ते अस्सल मराठीत. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपल्याकडेही तेच की. पाटी कानडी, दुकानातलं बोलणं मराठी आणि हिशेबाच्या वेळी दोन्ही. विशेष म्हणजे आपली आणि त्यांची गोष्ट एकाच दिवशी घडली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला, सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं आणि त्याच दिवशी बेळगावसह आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. आता २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात दगडफेकीची गोटमार होते ते हेच पांढुर्णा. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे, मी लिहीत नाही.

जामसांवलीचा मारुती निजलेला आहे. उभा मारुती, उडता मारुती आपण पाहतो. इथं पिंपळाखाली आडवा पहुडलेला आहे. त्याच्या नाभीतून येणारं पाणी तीर्थ म्हणून देतात. मनाच्या आजाराची माणसं घेऊन दूरदूरचे लोक इथं येतात आणि राहतातही. आवारात एक बाई आपल्या तरुण मुलाचा हात धरून बसली होती. तो सारखा उठायचा आणि ती न बोलता त्याला पुन्हा बसवायची. आम्ही नवस फेडून, प्रसाद घेऊन परत निघालो तरी ती तशीच होती. अक्का गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही.

विहीणबाईंच्या घरी पोचलो तर त्या दारात नव्हत्या. मागच्या परसातून आवाज आला, "या या, इकडंच या! पण जोरात नोका बोलू." परसात गोठ्याच्या कोपऱ्यात अंधारी जागा, तिथं एक बांबूची टोपली, टोपलीत कुटार आणि राख, आणि त्यावर पिसं फुलवून थाळीएवढी पसरलेली एक तांबूस गावठी कोंबडी. मी वाकले मात्र, तिनं घशातून असा काही आवाज काढला की मी दोन पावलं मागे आले.

"हात नका लावू तिले, चोच मारते. आज वीस दिवस झाले. उद्या नाहीतर परवा फुटतीन."

खुडूक कोंबडी! किती वर्षांनी पाहिली. आमची आई चिकोडीकडची, कानडी बोलणारी. ती म्हणायची, "कोळी काविगे कुंतैति." काव म्हणजे ऊब. वडील म्हणायचे, "खुडूक झाली." दोन्ही शब्द ऐकले की आम्हा बहिणींना एकच गोष्ट कळायची, की आता तीन आठवडे परसात आरडाओरडा करायचा नाही.

विहीणबाईंनी चहा टाकता टाकता सगळी हकिकत सांगितली. गेल्या पावसाळ्यात गावात मानमोडी आली. राणीखेत म्हणतात तोच हा रोग. बावीस कोंबड्या-कोंबडे आठ दिवसांत गेले. ही एक तेवढी शेतातल्या कोठ्यात होती म्हणून वाचली. मग भावाच्या गावाहून एक कोंबडा आणला. हिनं चौदा अंडी घातली. पहिली तीन नातवाला खाऊ घातली, कारण जुनी अंडी बसवण्यात अर्थ नसतो. आठवडा, फार तर दहा दिवसांच्या आतली अंडी चांगली. उरलेली अकरा त्यांनी टोक खाली करून ज्वारीच्या मडक्यात ठेवली. धुतली नाहीत, कारण अंड्यावर जो मूळचा पातळ लेप असतो तो धुतल्यानं जातो आणि आत घाण शिरते. कोंबडी खुडूक झाल्यावर दोन दिवस तिला एकाच अंड्यावर बसवून पाहिलं, उठत नाही अशी खात्री झाल्यावर रात्री अंधारात बाकीची तिच्या पोटाखाली सरकवली. आठव्या रात्री बॅटरीच्या उजेडात अंडी पाहिली. ज्यात लाल शिरांचं जाळं दिसलं ती भरलेली. तीन कोरी निघाली, ती काढून टाकली. राहिली आठ.

"हे आठ नाही फुटले तं माह्या घरच्या कोंबड्या संपल्या," त्या म्हणाल्या आणि कपात साखर घालायला लागल्या. कोंबड्यांचा पैसा त्यांचा स्वतःचा. नातवाची वही, देवाला नारळ, लेकीला माहेरपणाची साडी, हे सगळं त्यातून. घरातल्या पुरुषांपुढे हात पसरायला नको. आपल्याकडच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

मला त्यांच्याशी नजर मिळवणं जड गेलं. कारण आमच्या घरच्या कोंबड्या रोगानं गेल्या नाहीत, माझ्यामुळे गेल्या. आई थकल्यावर परस माझ्या हातात आलं. नव्वदीच्या दशकात गिरिराजाची पिल्लं सगळीकडे मिळू लागली. बेंगळूरच्या कृषी विद्यापीठानं परसासाठी तयार केलेली ही जात. वजनदार, अंडी जास्त आणि दिसायलाही रुबाबदार. मी हौसेनं आणली. सुधारित जातींत निवड करता करता खुडूक बसण्याचा गुण मागे पडत गेलेला असतो. त्यात चूक कोणाचीच नाही. खुडूक कोंबडी महिना-दोन महिने अंडी देत नाही, मग अंड्यांचा धंदा कसा व्हायचा? गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देईल, तर लेगहॉर्न तीनशेच्या आसपास. हिशेब सरळ आहे. मी त्याच हिशेबानं आईच्या गावठी कोंबड्या खुडूक झाल्या की बादलीतल्या पाण्यात बुडवून त्यांचा खुडूकपणा मोडत असे. आई ओसरीवरून बघायची. काही बोलायची नाही. मग गावठी म्हाताऱ्या झाल्या, नव्या बसेनात आणि पिल्लं विकत आणायची सवय लागली. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तिकडे परसातल्या कोंबड्याही नष्ट केल्या, तेव्हाच्या भीतीत उरलेल्या चारही मी मिळेल त्या भावात विकल्या. खुराड्यात आता शेणाच्या गोवऱ्या आहेत.

संध्याकाळी कोंबडी स्वतःहून उठली. दिवसातून एकदाच उठते. पंधरा-वीस मिनिटं. दाणे टिपले, पाणी प्यायली, दुर्गंधीयुक्त भली मोठी विष्ठा टाकली (विहीणबाई म्हणाल्या, घरट्यात घाण करत नाही म्हणून दिवसभराचं साठवते), धुळीत लोळली आणि धावत परत. बसायच्या आधी तिचं पोट दिसलं. पिसं झडून उघडी, लालसर कातडी झाली होती. पिसांतून ऊब पोचत नाही म्हणून निसर्गानं तिला तिथं उघडं केलं आहे. यंत्रात साडेसदतीस अंश तापमान राखावं लागतं, बाष्पाचं मोजमाप ठेवावं लागतं, अंडी ठरल्या वेळी फिरवावी लागतात. ही सगळं चोचीनं आणि पोटानं करते. कडेची अंडी आत ओढते, आतली कडेला सारते. कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून आपल्या भागात कितीतरी पिल्लं येतात, यंत्राला मी नावं ठेवणार नाही. पण पिल्लू फुटल्यावर यंत्राचं काम संपतं. दाणा कसा उकरायचा, घार आली की कोणत्या आवाजाला पळायचं, हे ते शिकवत नाही.

रात्री विहीणबाईंनी एक अंडं हलकेच काढून माझ्या कानाला लावलं. आत चिवचिव चालली होती! अगदी बारीक, पण स्पष्ट. अंडं फुटायच्या आधीच पिल्लू आतून बोलतं आणि आई बाहेरून गुरगुरून उत्तर देते, हे लहानपणी आईनं दाखवलं होतं. आवाज ऐकून माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बा मरी, बा." ये बाळा, ये. आई दर वेळी अंड्याला असंच म्हणायची.

"हे कोणची बोली?" विहीणबाईंनी विचारलं.

"कानडी," अक्कानं सांगितलं. तिचाही आवाज जरा बसला होता. पन्नास वर्षं नागपुरात राहून तिचं कानडी गेलं असं मला वाटत होतं.

पहाटे पहिलं फुटलं. सकाळी दोन ओलसर गोळे पंखाखालून बाहेर डोकावत होते, दुपारपर्यंत पाच झाले. त्यांना लगेच दाणा-पाणी देण्याची घाई नसते. फुटायच्या आधी बलक पोटात ओढून घेतलेला असतो, त्यावर दोन दिवस सहज निघतात. म्हणून तर पहिलं फुटल्यावरही कोंबडी बाकीच्यांसाठी थांबू शकते. सहाव्या अंड्याला मात्र सकाळीच भोक पडलं होतं आणि दुपार टळली तरी ते तसंच. आतलं पिल्लू टोचायचं, थांबायचं. माझा हात शिवशिवत होता. एवढंसं टरफल नखानं काढलं तर काय होतंय? विहीणबाईंनी माझा हात धरला.

"नोका काढू. जे निघाचं ते सोताच निघते. आपण काढलं तं जगत नाही."

त्यांचं खरं होतं. टरफलाच्या आतल्या पडद्यात अजून रक्त वाहत असतं. पिल्लानं ते ओढून घेण्याआधी सोललं तर रक्तस्राव होतो. आठ-नऊ वर्षांची असताना मी एक सोललं होतं. ते माझ्या तळहातावर गेलं. आईनं मारलं नव्हतं, परसात लिंबाखाली पुरायला लावलं होतं.

त्या रात्री कुणालाच नीट झोप लागली नाही. अक्का दोनदा बॅटरी घेऊन गोठ्यात गेली आणि दोन्ही वेळा विहीणबाईंनी तिला परत बोलावलं, उजेडानं कोंबडी बिचकते म्हणून. सकाळी सहावं बाहेर आलेलं होतं. इतरांपेक्षा लहान, पाय लटपटणारं, पण बाहेर. राहिलेली दोन अंडी फुटली नाहीत. दुसऱ्या दिवशी कोंबडीच पिल्लांना घेऊन टोपलीतून उतरली, तेव्हा विहीणबाईंनी ती उघडून पाहिली. एक नासलं होतं, एकात पुरतं वाढलेलं पिल्लू मेलेलं होतं. त्यांनी ते पदराआड धरून नेलं.

निघताना त्या म्हणाल्या, सातव्या दिवशी मानमोडीच्या लसीचे थेंब डोळ्यात घालणार आहेत. गेल्या वेळी घातले नव्हते.

महिन्यानं अक्काकडून खबर आली. सहातली चार आहेत. एक घारीनं नेलं, एक पावसात गारठलं. ते लहानसं, लटपटणारं, आहे.

मी गोवऱ्या काढून खुराडं धुतलं, चुना मारला. आठवडी बाजारात एका म्हातारीकडून एक गावठी कोंबडी घेतली. "खुडूक बसते का हो आजी?" असं विचारलं तर ती हसली, "न बसायला काय झालंय तिला? आईपण बसत होती." आतापर्यंत तिनं नऊ अंडी घातली आहेत. शेवटची सहा टोक खाली करून मडक्यात ठेवली आहेत.