मरव्याचा वास आणि सहाशे नंबरची खोली

एर्लांगेनला मुलाकडे येऊन आम्हांला तीन आठवडे झाले होते. नातीला शाळेची सुट्टी लागली आणि एक अख्खा दिवस न्युरेंबर्गला घालवायचा बेत ठरला. आगगाडीने जेमतेम वीस मिनिटांचा रस्ता. माझ्या मनात दोनच गोष्टी होत्या : जुना बाजार पाहायचा आणि तिथला प्रसिद्ध ‘लेबकूखन’ मैत्रिणींसाठी घ्यायचा. पण सूनबाईंनी कागदावर पहिलेच नाव लिहिले, ते कोर्टाचे!

“अगं, नऊ वर्षांची पोर ती! सुट्टीच्या दिवशी तिला कोर्ट कशाला दाखवायचं?” मी म्हटले.

“आई, पुढे शाळेत हे सगळं शिकवतातच इथे. पहिल्यांदा आपल्या माणसांबरोबर पाहिलेलं बरं.”

मी गप्प बसले; पण पटले मुळीच नव्हते. आमच्या ह्यांनी नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात डोके घातले.

न्युरेंबर्ग हे नाव हिटलरच्या राजवटीशी कायमचे जोडले गेले आहे. १९३३ ते १९३८ या काळात दरवर्षी त्याच्या पक्षाचे अवाढव्य मेळावे इथेच भरत. ज्यू लोकांचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेणारे कायदे १९३५ साली इथेच जाहीर झाले. आणि युद्ध हरल्यावर त्या राजवटीच्या बड्या पुढाऱ्यांवर खटला चालला, तोही इथल्याच कोर्टातल्या सहाशे नंबरच्या खोलीत. २० नोव्हेंबर १९४५ ला तो सुरू झाला, १ ऑक्टोबर १९४६ ला संपला. बाराजणांना फाशीची शिक्षा झाली, सातजणांना कैदेची, तिघे सुटले.

मला वाटले होते, केवढी तरी भव्य जागा असेल. पण एखाद्या जिल्हा कोर्टात शोभेल अशीच ती खोली, लाकडाने मढवलेल्या भिंती आणि जड दारे. वरच्या मजल्यावर प्रदर्शन आहे. आरोपी ज्यांवर बसत, ती लाकडी बाके तिथे ठेवली आहेत. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत कामकाज एकाच वेळी ऐकू यावे म्हणून सगळ्यांच्या कानांना यंत्रे लावलेली असत. मनूला त्याचीच मोठी गंमत वाटली. मग ती बाकांपाशी आली आणि माझा हात धरून म्हणाली, “आजी, ह्यांनी काय केलं होतं?”

मी सूनबाईंकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. मीच सांगितले, “आपल्याच गावातली काही माणसं आपली नाहीत, असं ठरवलं. आधी त्यांची दुकानं बंद पाडली, मग शाळा, मग घरं घेतली. शेवटी त्यांना मारून टाकलं.”

“लहान मुलांना पण?”

“हो.”

एवढासा शब्द, पण तोंडातून निघता निघेना.

तिथून भुयारी गाडीने लोरेन्झ चर्चला आलो. आत उंचावर टांगलेले एक लाकडी कोरीवकाम आहे, गॅब्रिएल देवदूत आणि मेरी. फाइट श्टॉस नावाच्या कारागिराने ते सुमारे पाचशे वर्षांपूर्वी घडवले. ते डोळे भरून पाहिले आणि नदी ओलांडून बाजारचौकात पोचलो. बरोबर बाराला तिथल्या चर्चच्या घड्याळातल्या बाहुल्या बादशहाभोवती तीन फेऱ्या घालतात. मनूची कळी जरा खुलली.

पोटात कावळे ओरडत होतेच. इथले सॉसेज म्हणजे जेमतेम बोटाएवढे, सात ते नऊ सेंटिमीटर. बीचच्या लाकडांच्या निखाऱ्यांवर भाजतात. पावात तीन घालून उभ्याउभ्याही खातात. ते डुकराच्या मांसाचे, तेव्हा माझा काही प्रश्न नव्हता. पण सूनबाईंची बशी आली आणि मी चमकले. हा तर मरव्याचा वास! माहेरच्या वेणीतला मरवा हे लोक सॉसेजच्या मसाल्यात घालतात.

शाकाहारी मैत्रिणींना एक सूचना. इथल्या बटाट्याच्या सॅलडमध्ये पुष्कळदा मांसाचे पाणी असते, आंबवलेल्या कोबीतही चरबी असू शकते. आधी विचारून घ्या. मी मागवला ‘श्पार्गल’, म्हणजे पांढरा अ‍ॅस्परॅगस. वसंतापासून २४ जूनपर्यंतच त्याचा हंगाम. उकडलेले बटाटे आणि वर वितळलेले लोणी. जेवण अगदी सात्त्विक झाले.

दुपारी किल्ल्याच्या टेकडीखालचे तळघर पाहिले. (शाल जवळ ठेवा, आत चांगलाच गारठा असतो.) पूर्वी बिअर साठवायला खडकात खोदलेली ही दालने युद्धात कलावस्तूंसाठी सज्ज केली गेली. सकाळी पाहिलेला तो लाकडी देवदूतही इथेच सुरक्षित राहिला. २ जानेवारी १९४५ च्या रात्रीच्या बाँबहल्ल्यात वरचे जुने शहर जवळजवळ सगळे जमीनदोस्त झाले. आज दिसतात त्यांतली बहुतेक घरे पुन्हा उभारलेली आहेत.

“बाबा, मूर्तींना इतकं जपलं, मग माणसांना?” मनूने विचारले.

खडकातल्या अशाच तळघरांमध्ये हजारो लोकांनी आसरा घेतला होता, असे मुलाने सांगितले.

“ते नाही. ती दुकानं बंद पाडली ती माणसं?”

त्यांची पहिली गाडी नोव्हेंबर १९४१ मध्येच ह्या गावातून रीगाला रवाना झाली होती. मुलाने तेवढेच सांगितले. पुढे आम्ही कोणीच बोललो नाही.

संध्याकाळी लेबकूखन घेतला. ‘एलिझेन’ हा त्यातला उत्तम प्रकार. त्यात निदान पाव हिस्सा बदाम, अक्रोड किंवा हेझलनट असतात आणि पीठ नावालाच. अंडे मात्र असते, हे ध्यानात ठेवा. दालचिनी, लवंग, वेलदोडा ह्यांचा घमघमाट तर आपल्याच फराळाच्या डब्याचा! हे मसाले पूर्वी आपल्याकडच्या किनाऱ्यांवरून व्हेनिसमार्गे इथे येत. मनूने एक खाल्ला, एक रुमालात बांधून ठेवला आणि गाडीत माझ्या मांडीवर झोपून गेली.

घरात वाईट बातमी आली की “जा, बाहेर खेळा” म्हणून मुलांना पिटाळणाऱ्यांतली मी. त्या रात्री सूनबाईंना म्हटले, “तुमचं बरोबर होतं.” त्या नुसत्या हसल्या आणि चहा टाकायला उठल्या.

आता गावी परतले आहे. मंडईत वेणी घेताना मरव्याचा वास आला की मनूचा प्रश्न आठवतो. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पण त्या दिवशी तिला बाहेर खेळायला पाठवले नाही, ह्याचे समाधान आहे.