पन्हाळ्यास जाताना
शाहूपुरीपासून पन्हाळा सुमारे २० किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने त्यास जागतिक वारसा यादीत घेतले. ज्येष्ठांना घेऊन अवश्य जा. मात्र रविवार टाळून, ऊन चढण्याआधी. गुडघे दुखत असतील त्यांनी अंधारबाव वरूनच पाहावी.

मधुमेहींना माझे एक कळकळीचे सांगणे आहे. इन्सुलिनची वापरलेली सुई गडावरील कचऱ्यात टाकू नका. कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात ती रुतते, आणि रक्तातून पसरणारी कावीळ वय पाहत नाही. जाड, झाकणाच्या बाटलीत ती घरी परत आणा. डायपरही तसेच, पिशवीत बांधून.

पाणी घरून न्यावे, जेवण मात्र गडावरच्या मावशींकडे घ्यावे. झुणका-भाकरी पथ्याला चालते; रक्तदाब असलेल्यांनी ठेचा बेताने खावा. सारेच घरून नेले, तर गडाच्या वाट्याला आपला केरच उरतो.