बांधणारांची नावे कुठे?

मुलाच्या एल.टी.सी.वर आम्ही उभयता कळमनुरीहून अंदमानला गेलो. बोटीने पूर्वीच्या रॉस बेटावर, आताच्या नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीपावर उतरलो. १८५८ नंतर काळ्या पाण्याच्या कैद्यांनी इथले जंगल तोडले, साहेबांसाठी बंगले, चर्च बांधले. १९४२ मध्ये जपान्यांनी अंदमान घेतले. त्यांचे बंकर अजून शाबूत आहेत. पर्यटक तिथे फोटो काढतात.

आमच्या सौ.ने रोजगार हमीवर खडी फोडलेली. ती म्हणाली, "अहो, हे बांधलं त्यांची नावं कुठं हायेत?"

३० जानेवारी १९४४ रोजी हंफ्रेगंजला जपान्यांनी ४४ भारतीयांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. तिथे स्मारक आहे. वाचकहो, अंदमानला गेलात तर तिथेही अभिवादन करा. मुलांना राजवटी सांगाल, तसा राबणारांचा घामही सांगा.